सल्ला हवा: पुण्यात बसून प्राण्यांचा माग ठेवायचाय (लाइव्ह कॅमेरे, नकाशे, कॅमेरा ट्रॅप)

डावी_भुसारी
मंडळी, मुलगी सातवीत आहे, तिला प्राण्यांचं वेड आहे. शाळा सकाळची, झोप रात्री दहाला. या वेळात बसतील असे लाइव्ह कॅमेरे कोणते? पुण्याच्या आसपास सध्या कुठे काय दिसतंय हे कुठे बघायचं? कॉलर (जागा कळवणारा गळपट्टा) लावलेल्या बिबट्यांचं लाइव्ह लोकेशन दाखवणारं ॲप असतं का? शिवाय पुरंदर तालुक्यात मामांचं शेत आहे, तिथे कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावायचा विचार आहे. बजेट आठ-दहा हजार. ‘गूगल करा’ सोडून काहीही सांगा.

पाणकावळा
कॅमेऱ्यांचं सांगतो. आधी वेळेचं गणित बघा, कारण आपल्या दुपारी अमेरिकेतले सगळे प्राणी झोपलेले असतात.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन प्राणिसंग्रहालयाचा पांडा कॅम तुमच्या वेळेत चपखल बसतो. बाओ ली आणि चिंग बाओ ही जोडी ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनहून आली. कॅमेरा त्यांच्या सकाळी सातला सुरू होतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. तिकडे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं पुढेमागे करतात, त्यामुळे हा तासाचा फरक पडतो. पहिल्या दोन तासांत बांबू खाणं चालू असतं. नंतर पांडा बहुतेक आडवाच.

अलास्कातल्या ब्रुक्स फॉल्सची अस्वलं एक्सप्लोर डॉट ऑर्गवर दिसतात. हंगाम जुलै आणि सप्टेंबर. ऑगस्टमध्ये सामन मासे वरच्या ओढ्यांत पांगतात, अस्वलंही पांगतात आणि धबधबा ओस पडतो. त्या वेळी पाहून लोक ‘काहीच दिसत नाही’ म्हणून सोडून देतात. जुलैत तिथे रात्री अकरापर्यंत उजेड असतो आणि फरक साडेतेरा तासांचा. आपल्या सकाळी सातला तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. डबा भरता भरता बघता येतं.

नामिबियाच्या वाळवंटातला पाणवठा यूट्यूबवर चोवीस तास असतो. ओरिक्स, झेब्रे, शहामृग, कोल्हे येतात. फरक साडेतीन तासांचा, त्यामुळे तिथली संध्याकाळ आपल्या साडेनऊच्या पुढे पडते. जागायची गरज नाही. चालू प्रक्षेपणाची पट्टी बऱ्याचदा बारा तास मागे ओढता येते. सकाळी उठून मागे न्या, दुप्पट वेगाने सोडा आणि बाजूच्या चॅटमध्ये कोणी ‘झेब्रा आला’ लिहिलं असेल तिथे थांबा. मे ते ऑक्टोबर कोरडा काळ, तेव्हा गर्दी जास्त. पाऊस पडला की पाणी सगळीकडे मिळतं, पाणवठा रिकामा.

एक फसवणूक सांगून ठेवतो. प्राणिसंग्रहालयांचे बरेच कॅमेरे रात्री जुनं रेकॉर्डिंग लावतात. दुपारी दोनला कॅलिफोर्नियातलं समुद्री पाणमांजर लख्ख उन्हात पोहताना दिसलं तर ते लाइव्ह नाही. तिथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते.

गवताळ_माळ
पुण्याभोवतीसाठी ईबर्ड, म्हणजे लोकांनी केलेल्या पक्ष्यांच्या नोंदींची साइट. साइटवर ‘एक्सप्लोर’मध्ये जाऊन प्रजातीचा नकाशा उघडा आणि जांभळे चौकोन जाऊन पिना दिसेपर्यंत झूम करा. लाल पिन म्हणजे गेल्या तीस दिवसांतली नोंद, निळी म्हणजे जुनी. तारखेची गाळणी ‘चालू वर्ष’ करून ठेवा, नाहीतर दहा वर्षांपूर्वीचा पक्षी शोधत फिराल. आणि पिन म्हणजे पक्ष्याची जागा नव्हे. कोणी तीन किलोमीटर चालत यादी केली तरी अख्ख्या यादीला एकच पिन मिळते. त्या यादीवर क्लिक करून अंतर आणि शेरा वाचा.

भिगवणला जायचं असेल तर ईबर्डच्या जोडीला उजनीची पाणीपातळी बघा. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना घोट्या-गुडघ्याएवढं पाणी आणि चिखल लागतो. धरण तुडुंब असेल तर डिसेंबरातसुद्धा ते पांगलेले असतात. पाणी उतरून गाळ उघडा पडला की थवे जमतात, बहुधा जानेवारी ते मार्च. कुंभारगाव किंवा डिकसळला मच्छीमारांची होडी मिळते. सकाळी साडेसहाला पाण्यात असलं पाहिजे. नऊनंतर वारा सुटतो आणि पाण्यावरच्या झळेने फोटो पुसट येतात.

लांडगा, तरस, खोकड, चिंकारा बघायचे तर इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथे वनविभागाची गवताळ सफारी आहे, बुकिंग ऑनलाइन. फक्त चिंकारा हवा असेल तर सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, अर्ध्या दिवसात होतं.

आणि जवळचं म्हणाल तर कात्रजचं प्राणिसंग्रहालय. बुधवारी बंद असतं, हे पुणेकरसुद्धा विसरतात.

सह्याद्री_रेंज
@डावी_भुसारी, बिबट्याचं लाइव्ह लोकेशन दाखवणारं ॲप नाही, आणि नाही तेच बरं. कळलं की बिबट्या अमुक उसात आहे, तर तासाभरात तिथे शंभर मोटारसायकली उभ्या राहतील. शिवाय कॉलर सतत बोलत नसते. बॅटरी पुरवायची म्हणून दिवसातून ठरावीक वेळाच जागा नोंदवते. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेजला सोडलेला ‘आजोबा’ बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईकडे गेला, किंवा टिपेश्वरचा ‘वॉकर’ वाघ ज्ञानगंगेपर्यंत गेला, ते मार्ग लोकांपुढे आले ते नंतर, तुकड्यातुकड्याने.

मुलीला माग बघायचाच असेल तर मूव्हबँक उघडा. संशोधकांनी खुले केलेले हजारो मार्ग तिथे आहेत. फोनवर ‘ॲनिमल ट्रॅकर’ ॲप घ्या, युरोपातल्या करकोच्यांपासून सुरुवात सोपी जाते.

समुद्री कासवांचे नकाशे वाचताना मात्र सांभाळून. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडलेला उपग्रह टॅग लावला, मग इतरही कासवांना लावले. टॅग पाण्याखालून सिग्नल देत नाही. कासव श्वासाला वर आलं की खाऱ्या पाण्याचा स्विच उघडतो आणि त्या थोड्या वेळात उपग्रह डोक्यावर असला तर जागा मिळते. प्रत्येक जागेला प्रत (अचूकतेचा दर्जा) असते. प्रत ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत. प्रत ए आणि बी म्हणजे चूक किती याचा अंदाजच नाही. म्हणून कधीकधी कासव डोंगरावर चढलेलं दिसतं. असा एकटा ठिपका सोडून द्या, आजूबाजूचे ठिपके धरा.

निरंजन_टेकडी
आयनॅचरलिस्टबद्दल (लोक प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकतात ती साइट) एक भर. खवल्या मांजर, बिबट्या यांसारख्या धोक्यातल्या प्राण्यांची जागा तिथे मुद्दाम झाकतात. सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही ठिपका टाकतात, आणि पिनेऐवजी गोल चिन्ह दिसतं. म्हणून बिबट्या उजनीच्या मधोमध पोहताना दिसतो. त्या ठिपक्यावर गाडी घेऊन जाऊ नका.

डावी_भुसारी
भारी! पांडा आजपासून. मामांकडच्या कॅमेऱ्याचं कोणी सांगेल का? आणि तिथे व्हॉट्सॲपवर रोज बिबट्याचे व्हिडिओ येतात, त्यातलं खरं कसं ओळखायचं?

ठसेवाचक
आधी हे: शेत स्वतःचं असेल तर लावा. वनहद्दीत परवानगीशिवाय अजिबात नाही, आणि पाचगाव-पर्वतीसारखी शहरातली टेकडीही वनहद्दच आहे.

तुमच्या बजेटमध्ये साधा, सिम नसलेला कॅमेरा येतो. मेगापिक्सेलचा आकडा बघू नका, तो फुगवलेला असतो. इन्फ्रारेड (रात्रीच्या फोटोसाठीचा प्रकाश) किती नॅनोमीटर ते बघा. ८५० चा प्रकाश लांब जातो पण अंधारात लाल ठिपका दिसतो, आणि शेतात लाल ठिपका दिसला की कॅमेरा चोरीला जातो. ९४० घ्या. फोटो थोडा काळपट येईल, पण कॅमेरा राहील. साखळी-कुलूप तरीही लावाच.

उंची गुडघ्याएवढी, ४० ते ५० सेंटिमीटर. पायवाटेपासून तीन-चार मीटर, आणि वाटेला काटकोनात नव्हे, तिरका. काटकोनात लावला की सेन्सर जागा होईपर्यंत प्राणी पुढे जातो आणि नुसती शेपटी मिळते. तोंड उत्तरेला. पूर्व-पश्चिम ठेवलं तर सकाळ-संध्याकाळ ऊन थेट भिंगात आणि शंभर रिकामे फोटो. समोरचं गवत दोन मीटरपर्यंत विळ्याने साफ करा. उन्हात तापलेलं हलतं गवत सेन्सरला जनावरच वाटतं. एका रात्रीत ३२ जीबीचं कार्ड भरण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण.

उलटा घोटाळा एप्रिल-मेमध्ये होतो. सेन्सर अंगाची उष्णता आणि मागची उष्णता यातला फरक पकडतो. दुपारी चाळीस अंशाला फरकच उरत नाही, मुंगूस समोरून गेलं तरी कळत नाही. संवेदनशीलता ‘हाय’वर ठेवा आणि मुख्य भरवसा रात्रीवर.

बॅटऱ्या: रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. आठ सेलच्या कॅमेऱ्यात १२ ऐवजी ९.६ व्होल्ट मिळतात, दिवसा चालतं पण रात्रीचा फ्लॅश अर्धवट पडतो. कंपनीने ‘चालतील’ लिहिलं असेल तरच वापरा. नवे-जुने सेल मिसळू नका. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. तारीख-वेळ लावताना एएम-पीएम तपासा. तिथे चुकलं तर तरस भर दुपारी फिरतं असं दिसेल.

लावून झाल्यावर चाचणी मोडमध्ये समोरून रांगत जा. हसतील लोक, हसू देत. उभं चालून केलेली चाचणी माणसाच्या उंचीची असते, रानमांजराच्या नाही. आणि मांस किंवा कोंबडीचं आमिष नको. बिबट्याला शेतघराची वाट तुम्हीच दाखवाल.

सह्याद्री_रेंज
फोटो आले की गावाच्या ग्रुपवर जागा टाकू नका. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर फोटोतली जीपीएस माहिती तशीच जाते. साधा फोटो म्हणून पाठवला की ती गळून पडते.

व्हिडिओचं म्हणाल तर बहुतेक जुने असतात. एक चौकट स्क्रीनशॉट करून गूगल लेन्समध्ये टाका, दुसऱ्या तालुक्याच्या नावाने आधीच फिरलेला सापडतो. खरोखर वस्तीजवळ दिसला तर १९२६ हा वनविभागाचा क्रमांक. कुंपणाबाहेर मोबाइलची बॅटरी मारत फिरू नका.

ठसेवाचक
ठशाचंही विचारतील म्हणून लिहितो. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात आणि ठसा लांबट. बिबट्याचा गोलसर, नखांशिवाय, आणि मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन गोल लहरी. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा (व्यास २७ मिलिमीटर) आणि फोटो बरोबर वरून काढा. तिरक्या फोटोवरून माप निघत नाही. ओल्या चिखलात ठसा पसरून मोठा होतो, म्हणून एकच नको, सलग चार-पाच ठसे घ्या.

डावी_भुसारी
नाणं काढून ठेवलंय. रविवारी मामांकडे, विळा आणि आठ नवे सेल घेऊन.