रात्री हात झटकत उठणाऱ्या बायका नेमक्या किती? कार्पल टनलबद्दल विचारायचं आहे

आशाताई, राळेगाव तालुका

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. गाव लहान आहे, चहूकडे पऱ्हाटी.

गेल्या महिन्यात तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे सी-बॅक फॉर्म, म्हणजे घरोघरी आजारांची विचारपूस करायचे फॉर्म, भरत होते. त्यात हातापायाला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, वस्तू धरायला त्रास होतो का, असं विचारायचं असतं. अंगावरच्या चट्ट्याचा प्रश्नही त्यालाच लागून येतो, कारण हे सगळं कुष्ठरोग शोधायसाठी आहे. बायकांना ते लगेच कळतं. आमच्याकडे अजून त्याला महारोगच म्हणतात. "काकू, हाताला मुंग्या येतात का?" म्हटलं की पदर सावरत उत्तर येतं, "नाही वो, मले कायच्या मुंग्या!" मी नाहीवर खूण करते आणि पुढच्या घरी जाते.

मग दिवाळीनंतर मीही चार दिवस वेचणीला गेले. दुपारी धुऱ्यावर जेवायला बसलो तर एक काकू भाकर मोडता मोडता उजवा हात सारखा झटकत होती. विचारलं तर म्हणते, "रात्री तं उठून बसा लागते. हात खाली लोंबू देल्ला, झटकला का मंग बरं वाटते. पुन्हा निजलं का पुन्हा तेच." बाजूची म्हणाली, "मायाही हात तसाच करते." तिसरी म्हणाली, सकाळी चहाची कपबशी हातातून सुटते. आम्ही चौदा जणी होतो, त्यातल्या पाच जणी निघाल्या. त्यातल्या चौघींचे फॉर्म मीच भरलेले होते आणि चारही फॉर्मवर नाहीवर खूण होती. हे मला फार लागलं.

माझाही उजवा हात गेल्या थंडीपासून असाच आहे. एका खाजगी दवाखान्यात हात न तपासताच कॅल्शियम कमी आहे म्हणून इंजेक्शनं दिली. पैसे गेले, मुंग्या राहिल्या. पुतण्यानं मोबाईलवर शोधून कार्पल टनल सिंड्रोम हे नाव सांगितलं. पण त्याचं प्रमाण कुठं तीन टक्के लिहिलंय, कुठं दहा, कुठं पंधरा. खरं काय समजायचं? हा आजार साध्या लोकांत एवढा असतो का? आणि हा कोणता, महारोगाचा कोणता, हे मी घरोघरी कसं ओळखू?

फिजिओथेरपिस्ट, वर्धा

ताई, तुमच्या धुऱ्यावरच्या गोष्टीतच उत्तर आहे. काय विचारलं आणि कशाला आजार म्हटलं, यावर आकडा ठरतो.

दक्षिण स्वीडनमधला एक अभ्यास 1999 साली छापून आला. दवाखान्यात आलेले रुग्ण न घेता त्यांनी 25 ते 74 वयाच्या साध्या लोकांना प्रश्नावली पाठवली. जवळपास अडीच हजार लोकांनी उत्तरं दिली. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांत मुंग्या, बधिरपणा किंवा दुखणं सांगणारे निघाले 14 टक्के. डॉक्टरांनी हात तपासून ज्यांना कार्पल टनल म्हटलं ते 3.8 टक्के. तपासणीतही आणि नसेच्या मशीनच्या चाचणीतही पक्के ठरले ते 2.7 टक्के. म्हणजे तक्रार सांगणाऱ्या पाचांत साधारण एक. पुतण्यानं पाहिलेले वेगवेगळे आकडे असेच येतात, त्यात खोटं कुणी नाही. मशीनवर तरी सगळं सोडता येत नाही. त्याच अभ्यासात काहीच त्रास नसलेल्यांची नस तपासली, तर 18 टक्के लोकांत तीही मंद निघाली.

दुसरा अभ्यास नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचा, 1992 चा. तो मी मुद्दाम तुमच्यासाठी सांगतो. तिथं पुरुषांत प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या जरा वर होतं आणि बायकांत 9 टक्क्यांच्या वर. तिथल्या सगळ्या बायकांपैकी 3.4 टक्क्यांना आजार आहे हे आधीच कळलेलं होतं. आणखी 5.8 टक्के पाहणी झाली तेव्हाच सापडल्या. तिथं दवाखाने जवळ, डॉक्टर हजर, तरी माहीत नसलेल्या जास्त निघाल्या. तुमच्या चार फॉर्मबद्दल स्वतःला बोल लावू नका.

आता आत काय होतं ते. मनगटाच्या हाडांवर एक जाड पट्टा ताणलेला असतो आणि मध्ये बोगदा. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि एकच नस. दोऱ्यांभोवती सूज आली की पट्टा काही ताणत नाही, मग दाबली जाते ती नस. ही नस अंगठा, त्याच्या पुढची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते. करंगळीला तिचा संबंध नाही. झोपेत मनगट दुमडतं, दाब वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा.

मधुमेह, थायरॉईड कमी असणं, संधिवात, लठ्ठपणा, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, यांत हे जास्त दिसतं. बाळंतपणाआधीच्या शेवटच्या महिन्यांतही होतं, पण ते बहुतेक वेळा बाळंत झाल्यावर आपोआप जातं. लोक याला कॉम्प्युटरवाल्यांचा आजार म्हणतात, पण कीबोर्डचा पुरावा तसा कच्चा आहे. जोर लावून सारखी पकड धरणं आणि थरथरणारी यंत्रं, यांचा पुरावा त्याहून पक्का.

शिवणकाम, मोर्शी

मला दोन्ही हातांना होतं. उजव्याचं ऑपरेशन केलं, डावा मनगटाला बांधायच्या पट्ट्यावर निभावला. मी फार उशीर केला हे सांगायलाच लिहितेय. सुई ओवता येईना, ब्लाऊजचे हूक बोटांना लागेनात, तरी चष्म्याचा नंबर वाढला असंच समजत राहिले. डॉक्टरांनी दोन्ही तळवे शेजारी ठेवायला लावले तेव्हा दिसलं, उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा बसून गेला होता. ऑपरेशननंतर रात्रीच्या मुंग्या गेल्या, झोप परत आली. तो उंचवटा मात्र पूर्ण भरला नाही. ताई, त्या कपबशी सुटणाऱ्या बाईंना आधी पाठवा.

वणीकडचा

माणसांनाही होते हे. मी सहा वर्षं ब्रेकर चालवला, विहिरीतला दगड फोडाले. सांजच्याले मोटरसायकलचा क्लच दाबता येत नव्हता. आम्ही म्हणत होतो हात भरला. बायका निदान धुऱ्यावर बसून बोलते तरी, आमच्यात असं बोलाची सोयच नाही. ताई, फॉर्म भराले जाता तं घरच्या माणसालेही विचारत जा.

आशाताई, राळेगाव तालुका

सगळ्यांचे आभार. वर्ध्याचे दादा, महारोगाचं राहिलं. तेच मला सगळ्यात जास्त हवं आहे.

फिजिओथेरपिस्ट, वर्धा

हो ताई, लिहितो.

कुष्ठरोगात बहुतेक वेळा कोपरामागची नस आधी धरते, म्हणून बधिरपणा करंगळीच्या बाजूला येतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेत ती नस जाड लागते, दाबली तर दुखते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर त्याला कापसाचा बोळा लावला तरी कळत नाही. मुख्य म्हणजे तो बधिरपणा रात्री हात झटकून जात नाही. पण कुष्ठरोग मनगटातली नसही धरू शकतो. म्हणून अंगठ्याची बाजू आहे, म्हणजे कार्पल टनलच, असं ठरवून मोकळं होऊ नका. चट्टा पाहायचाच. शंका आली की प्राथमिक आरोग्य केंद्र. कुष्ठरोगावरच्या एमडीटीच्या गोळ्या तिथं फुकट मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो, हे त्या बाईला आधी सांगा. भीती उतरली की माणूस बोलतो.

दोन्ही पायांत आधी जळजळ, मग हातात, असं असेल तर साखर आणि बी-बारा तपासायला सांगा. मानेतून कळ निघून दंडावरून खाली येत असेल तर मान दाखवायची.

कार्पल टनल वाटत असेल तर दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून, बोटं खाली करून मिनिटभर धरायला लावा. त्या तीन बोटांत मुंग्या आल्या तर संशय वाढतो. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा पुष्कळ जणींना पुरतो. घट्ट आवळायचा नाही, मनगट वाकू द्यायचं नाही, एवढंच. त्यानं भागलं नाही तर डॉक्टर मनगटात स्टिरॉईडचं इंजेक्शन देतात, आणि बोटं सतत बधिर राहू लागली किंवा अंगठ्याखालचं मांस उतरू लागलं तर ऑपरेशन.

आशाताई, राळेगाव तालुका

आठ दिवसांनी लिहितेय. पुन्हा घरोघरी गेले. मुंग्या हा शब्द काढलाच नाही. बाजेवर बसून इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि विचारलं, "रात्री हात झटकत उठता का हो?" बायका लगेच बोलायला लागल्या. एका आजीनं तर मी काही सांगायच्या आधीच झटकून दाखवला, थर्मामीटरचा पारा उतरवतात तसा. "वीस वर्सं झाले माय, तू पह्यलीच इचारणारी."

ओट्यावर सहा जणींना हाताच्या पाठी जुळवायला लावल्या. मी मोबाईलवर मिनिट मोजत होते. हळद काढलेली पिवळी नखं, बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटं, आणि सगळ्या डोळे मिटून उभ्या, आरतीला उभ्या राहिल्यासारख्या. चाळीस सेकंदांत तिघींनी हात सोडले. कपबशीवाल्या काकूंनी तर वीसच्या आतच. त्यांचा अंगठ्याखालचा भाग मी निरखून पाहिला, थोडा बसल्यासारखा वाटला. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायची चिठ्ठी घेतली आहे. वणीच्या भाऊंचं ऐकून माणसांनाही विचारलं, दोघे निघाले. एक पिठाच्या चक्कीवर काम करतो.

एक गोष्ट अजून. तिघींपैकी नाही, चौथी. वय पस्तीसच्या आत. तिच्या अंगठ्याला काहीच नव्हतं, मुंग्या करंगळीत होत्या. झटकून जातात का विचारलं तर मान हलवली, नाही. मग मी तिला घरात नेलं, दार लोटलं आणि बाही वर करायला सांगितली. कोपराच्या वर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. कापसाचा बोळा त्यावर टेकवला, तिनं डोळे मिटलेलेच ठेवले, टेकवल्याचं तिला कळलं नाही. बाजूला टेकवला तेव्हा लगेच म्हणाली, "इथं लागलं." तिचा हात धरून मी दादांनी लिहिलेलं सगळं सांगितलं, गोळ्या फुकट, आजार पुरा बरा होतो. ती रडली, मग म्हणाली, सासूला सांगू नका.

मंगळवारी तिला घेऊन आरोग्य केंद्रात जातेय. घरी माझ्या मीटिंगला सोबत येते असं सांगितलं आहे. डॉक्टर काय म्हणतात ते तिला चाललं तरच इथं लिहीन.