मदत हवी आहे: सराव वाढवला तरी ३००० मीटरची वेळ वाढतच चालली आहे

शिट्टी_सर
नमस्कार. पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवतो. माझी एक मुलगी ३००० मीटर पळते. जूनमध्ये ११:२० होती. जुलैपासून सराव दुप्पट केला, एक दिवस सुट्टी नाही, तरी परवा ११:५२ आली. विभागीय स्पर्धा पाच आठवड्यांवर आहे. पोरगी कामचुकार नाही. शेवटच्या दोन फेऱ्यांत रडते, पण थांबत नाही. काय बदलू तेवढं सांगा. लांबलचक लेखांच्या लिंक नकोत, इथे रेंज येते-जाते, पान उघडत नाही.

घाटवाट
सर, वय किती? आठवड्याला किलोमीटर किती? "दुप्पट" म्हणजे कशाच्या दुप्पट?

यवतेश्वर_चढ
बूट कोणते आहेत ते आधी बघा. मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन चार वेळा पळलोय. तिसऱ्या वर्षी फक्त बूट बदलले आणि यवतेश्वरचा चढ निम्मा वाटला. झिजलेल्या बुटांनी पोटऱ्या भरतात, मग वेग येणार कुठून?

शिट्टी_सर
वय १६. बूट नाहीत, अनवाणी पळते, आधीपासून तशीच. रोज सकाळी ३००० पूर्ण ताकदीने, मी घड्याळ लावतो. संध्याकाळी पुन्हा तेच. किलोमीटर कधी मोजले नाहीत.

माजी_दहाहजारी
सापडलं. सर, हा सराव नाही, रोज दोनदा परीक्षा आहे. अभ्यास कधी करायचा तिने?

मी दहा वर्षं १०,००० पळलो. आठवड्यातले चार-पाच दिवस शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळायचो. जोराचे दिवस दोन, फार तर अडीच. दम बसतो तो त्या सावकाश पळण्यात. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड आपल्या ८०० मीटरवाल्या पोरांनासुद्धा आठवड्याला १०० मैल पळवायचे. त्यातला पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० चं सुवर्ण घेऊन आला. १६ वर्षांच्या मुलीला १०० मैल नकोतच, पण तत्त्व तेच.

यवतेश्वर_चढ
अनवाणी? खडे-काटे असलेल्या मैदानावर? हे चूक आहे सर. वर्गणी काढू, मी बूट पाठवतो.

माजी_दहाहजारी
भाऊ, भावना चांगली आहे. पण जन्मभर अनवाणी पळालेल्या मुलीला पाच आठवड्यांवर स्पर्धा असताना नवे बूट घातले तर फोड येतील, पाऊल टाकायची सवय बदलेल. बूट द्या, पण स्पर्धा झाल्यावर.

यवतेश्वर_चढ
आणि तोवर काच लागली तर? तुमच्या काळात चाललं म्हणून आजही चालवायचं का?

माणदेशी
मुलीला स्टीपलचेसला टाका, ३००० मीटरच, पण वाटेत अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायचा. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर आधी मॅरेथॉन पळायच्या, मग स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ ला रिओत अंतिम फेरीत दहाव्या आल्या. आष्टीचा अविनाश साबळेही सैन्यात गेल्यावर क्रॉसकंट्रीतून स्टीपलचेसमध्ये आला, २०२२ च्या राष्ट्रकुलात ८:११.२० पळून रौप्य. खेड्यातल्या पोरांना अडथळा ओलांडायला शिकवावं लागत नाही.

घाटवाट
दादा, शाळेत पाण्याचा खड्डा कुठून आणतील? आणि पाच आठवड्यांत?

सर, मला वेगळी शंका आहे. मैदानाची फेरी किती मीटरची? मोजली कशाने?

शिट्टी_सर
२०० ची. टेपने मोजली होती, मार्चमध्ये. पावसात फक्की धुऊन गेली म्हणून ऑगस्टमध्ये परत मारली. आतल्या कडेला चिखल होता, म्हणून जरा बाहेरून. मीटरभर असेल. त्याने काय होतंय?

घाटवाट
बरंच होतंय. दोन्ही टोकांची अर्धवर्तुळं मिळून एक पूर्ण वर्तुळ. रेघ १ मीटर बाहेर गेली की त्रिज्या १ मीटरने वाढते आणि फेरी ६.२८ मीटरने. मैदान केवढंही असो, आकडा हाच. ३००० ला १५ फेऱ्या, म्हणजे ९४ मीटर जादा. तिच्या वेगाने ते २१ सेकंद. तुमची ११:५२ खरं म्हणजे ११:३० च्या आसपास आहे.

आखताना आणखी एक. फेरी रेघेवर टेप धरून मोजायची नसते. फेरीच्या आतल्या कडेला उंच कठडा नसेल, नुसती रेघ असेल, तर रेघेच्या २० सेंटिमीटर बाहेरून मोजायची, कारण पळणारा रेघेवर पळत नाही.

भरती_२०२५
सर, पोलीस भरतीला मुलींना ८०० मीटर असतं. ती ३००० पळते म्हणजे ८०० सहज निघेल. आत्तापासून गोळाफेक घ्या, मुली गुण तिथे घालवतात. मी पण तयारी करतोय, कुणाकडे वेळापत्रक असेल तर द्या.

डॉ_मृण्मयी
रेघेचे २१ सेकंद वजा केले तरी जूनपेक्षा दहा सेकंद जादा उरतातच, आणि शेवटच्या फेऱ्यांतलं रडणं मला खटकतंय. सर, तिचं हिमोग्लोबिन कधी तपासलंय? चढ चढताना धाप लागते का, पापणीच्या आत फिकट दिसतं का? पाळीत रक्तस्राव जास्त होतो का? शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच घेते का?

शिट्टी_सर
डॉक्टर, पाळीचं मी विचारू शकत नाही. अधीक्षिका मॅडमना विचारायला सांगितलं.

शिट्टी_सर
मॅडमनी विचारलं. चार महिने खूप जातंय. गोळी घेतली की मळमळतं म्हणून मुली खिडकीबाहेर टाकतात, ही पण. कुणालाच माहीत नव्हतं.

डॉ_मृण्मयी
उद्याच ग्रामीण रुग्णालयात न्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिच्या पायांत कितीही ताकद असो, ऑक्सिजन पोहोचवायला गाडीच नाही. होत असेल तर फेरिटिनही बघा, त्यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो. तोवर जोराचं पळणं बंद. आणि तिला रागावू नका.

माणदेशी
आळिवाचे लाडू द्या. वर लिंबू. गूळ-शेंगदाणे.

डॉ_मृण्मयी
लाडू द्या, लिंबू तर जेवणात रोज द्या. पण जेवणाबरोबर चहा बंद करा, त्याने लोह अंगी लागत नाही. आणि लाडू हे औषध नाही, गोळ्यांचा डोस तिथले डॉक्टरच ठरवतील.

गोदाकाठ
सर, सावरपाडा तुमच्यापासून लांब नाही. कविता राऊत तिथून निघून २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात १०,००० मीटरचं कांस्य घेऊन आल्या. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी त्यांना नाशिकमध्येच घडवलं. एखाद्या सुट्टीत मुलीला घेऊन नाशिकच्या मैदानावर जा, तिथली पोरं सावकाश कशी पळतात ते तिला डोळ्यांनी बघू द्या.

शिट्टी_सर
आठ दिवसांनी लिहितोय. हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या, जेवणानंतर घ्यायच्या, त्याने मळमळ कमी आहे. पाळीसाठी पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलंय. मॅडम रोज समोर उभ्या राहून गोळी देतात, आता सगळ्याच मुलींना.

टेप लावला. फेरी २०६ च्या वर भरली. नवी आखली, वर्गातल्या मुलांनी दोर धरला.

दोन महिने मी तिला "मन लावून पळ" म्हणत होतो, त्याचं फार वाईट वाटतंय. तिला तसं सांगितलं.

डॉक्टरांना विचारून काल ४० मिनिटं सावकाश पळवलं, डांबरी सोडून शेताच्या पायवाटेने, मी बरोबर सायकलवर. निम्म्या वाटेवर ती आपणहून बोलायला लागली, घरचं भात पोटरीत आलंय म्हणून. पळताना तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

स्पर्धेला न्यावं की नाही?

डॉ_मृण्मयी
एवढ्या थोड्या दिवसांत हिमोग्लोबिन पूर्ण भरत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, मग तिथल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी आहेच की.

यवतेश्वर_चढ
मापासाठी पावलाचा कागदावर ठसा घेऊन फोटो टाका. स्पर्धेनंतर पाठवतो.

शिट्टी_सर
टाकतो. वेळ परत कधी घेऊ?

माजी_दहाहजारी
डॉक्टर जोराला हो म्हणतील त्यानंतर. आणि त्या दिवशी आधी टेप लावा.