'रिक्वेस्ट'पुढे 'फॉर' केव्हा लावावा?

प्रश्न: रजेच्या अर्जात मी 'आय रिक्वेस्ट फॉर टू डेज लीव्ह' असे लिहिले असता वरिष्ठांनी त्यातील 'फॉर' लाल शाईने खोडला, परंतु विषयाच्या ओळीतील 'रिक्वेस्ट फॉर लीव्ह' मात्र तसेच राहू दिले. एकाच कागदावर हा भेद का, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १: विषयाच्या ओळीत 'रिक्वेस्ट' हे नाम आहे, म्हणून तेथे 'फॉर' हवा, मजकुरात ते सकर्मक क्रियापद असून 'लीव्ह' हे त्याचे थेट कर्म आहे, म्हणून मध्ये 'फॉर' खपत नाही. मराठीत 'विनंती' हे नामच असून क्रियापदाचे काम 'करणे' करते, त्यामुळे 'रजेसाठी विनंती करतो' यातला 'साठी' नकळत इंग्रजीत उतरत असावा.

उत्तर २: 'आस्क फॉर'ची सवयही त्याला कारणीभूत असेल. कर्म म्हणून व्यक्ती आली, तर 'आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह' हे बिनचूक आहे. 'मेक अ रिक्वेस्ट' म्हटले की मात्र तो पुन्हा नाम होतो आणि 'फॉर' परततो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. हाच चुकीचा नमुना मी दोन सहकाऱ्यांनाही दिला आहे, तो आता परत मागवतो.