जुनी किरकोळ शिक्षा आणि परदेशी कामाचा व्हिसा : 'होय' लिहावे की नाही?

कवडसा (मूळ लेखन)

एकोणिसाव्या वर्षी एका हाणामारीच्या प्रकरणात माझे नाव आले. वकिलांनी स्पष्ट सांगितले की गुन्हा कबूल केलास तर आज दंड भरून घरी जाशील आणि लढायचे ठरवलेस तर तारखांमागून तारखा पडत राहतील. मी कबुली दिली. दंड झाला आणि सोबत कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली. मागच्या बाकावर दुपारभर बसून राहिलो, न्यायाधीश उठले आणि प्रकरण मिटले. त्याला आता बावीस वर्षे झाली असून त्यानंतर माझ्या नावावर कसलीही नोंद नाही.

सध्या ब्रिटनमधील एका नोकरीसाठी कामाच्या व्हिसाचा अर्ज भरतो आहे. तुम्हाला कोणत्याही देशात कधीही शिक्षा झाली आहे काय, असा प्रश्न त्यात आहे. माझ्या वतीने अर्ज भरणाऱ्या सल्लागाराने मला न विचारताच तिथे 'नाही' अशी खूण केली होती. मी ती बदलून 'होय' करायला लावली. 'बावीस वर्षांपूर्वीचे कोण उकरून काढणार?' असे तो म्हणाला आणि घरातील मंडळींचेही तेच मत पडले.

माझे म्हणणे असे आहे. ब्रिटनच्या नियमांनुसार 12 महिने किंवा त्याहून अधिक कारावास झालेल्या व्यक्तीचा अर्ज नाकारावाच लागतो. त्याखालच्या शिक्षेबाबत अर्ज नाकारता येतो, पण नाकारलाच पाहिजे असे बंधन नसते. तिथे अधिकारी गुन्ह्याचे स्वरूप, त्यानंतर गेलेला काळ आणि माणसाचे पुढचे वर्तन पाहून ठरवतो. अर्जात फसवणूक केल्याचे सिद्ध झाले, तर मात्र पुढची 10 वर्षे अर्ज नाकारले जाऊ शकतात. म्हणजे जी गोष्ट माझ्याविरुद्ध जाण्याची शक्यता थोडी आहे ती लपवण्यासाठी मी जवळपास खात्रीने बुडवणारी गोष्ट करायची, हे मला पटत नाही. आपणा सर्वांचे मत जाणून घ्यायचे आहे.

रानवाट

खोटे लिहा असे मी म्हणणार नाही. पण आपण 'होय' लिहिण्यातला व्यवहार सांगितलात आणि त्या प्रश्नातला अन्याय मुकाट्याने मान्य केलात, त्याला माझा विरोध आहे.

त्याच ब्रिटनमध्ये 1974 पासून गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा कायदा आहे. त्याखाली प्रौढ व्यक्तीला झालेला दंड एका वर्षानंतर कालबाह्य ठरतो आणि परदेशातील न्यायालयाने दिलेल्या शिक्षेलाही तो कायदा लागू होतो. कालबाह्य झालेली शिक्षा सामान्य नोकरीच्या मालकाला सांगण्याचे बंधन माणसावर राहत नाही. मात्र 2012 मध्ये कायद्यात बदल करून इमिग्रेशनचे निर्णय या संरक्षणातून वगळण्यात आले. म्हणजे ज्या कार्यालयात आपण काम करणार, तिथल्या साहेबाला जे सांगण्याचे बंधन उरत नाही, ते व्हिसा अधिकारी बावीस वर्षांनंतरही विचारू शकतो. माणूस सुधारतो हे तत्त्व खरे असेल तर ते सीमेच्या आत खरे आणि सीमेवर खोटे कसे ठरते?

दुसरे म्हणजे कबुली. आपल्यासारखे असंख्य लोक गुन्हा केला म्हणून नव्हे, तर रोजचा कामधंदा बुडवून तारखा करणे परवडत नाही म्हणून कबुली देतात. कागदावर मात्र ती 'दोषसिद्धी'च असते. ज्याच्याकडे लढण्याइतका पैसा आणि वेळ होता तो निर्दोष सुटून परदेशी जातो आणि ज्याच्याकडे नव्हता तो आयुष्यभर खुलासे लिहीत बसतो.

तिठा

रानवाट यांच्या मुद्द्यात तळमळ आहे, पण त्यांना नियमांची एकच बाजू दिसते. परक्या माणसाला आपल्या देशात राहू द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या देशाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, आणि 'किरकोळ' काय ते अर्जदाराने ठरवायचे नसते. प्रत्येक देशाचे माप वेगळे आहे आणि तिथेच लोक फसतात.

कॅनडा घ्या. तिथे आपल्याला किती शिक्षा झाली यापेक्षा तेच कृत्य कॅनडात केले असते तर कायद्यात जास्तीत जास्त किती शिक्षा होती हे पाहिले जाते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अनेक देशांत दंडावर भागते. कॅनडाने मात्र 18 डिसेंबर 2018 पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा 5 वर्षांवरून 10 वर्षांवर नेली आणि त्यामुळे हा गुन्हा 'गंभीर गुन्हेगारी'च्या वर्गात गेला. गंभीर नसलेल्या एकाच गुन्ह्यात, शिक्षा पूर्ण होऊन 10 वर्षे उलटली की माणूस आपोआप सुधारलेला मानला जातो, पण ती सवलत या वर्गाला मिळत नाही. शिक्षा पूर्ण झाल्यावर 5 वर्षांनी वेगळा अर्ज करून पुनर्वसनाची मान्यता मिळवता येते.

अमेरिकेत उलट, नैतिक अधःपतनाचा (म्हणजे चोरी, फसवणूक अशा प्रकारचा) एकच गुन्हा असेल, त्याची कमाल संभाव्य शिक्षा एका वर्षाहून अधिक नसेल आणि प्रत्यक्षात 6 महिन्यांहून अधिक कारावास झाला नसेल, तर किरकोळ गुन्ह्याचा अपवाद लागू होतो आणि तो गुन्हा व्हिसाच्या आड येत नाही. त्यापलीकडच्या माणसासाठीही तात्पुरत्या व्हिसापुरती सूट मागण्याची सोय आहे. ती देताना समाजाला असलेला धोका, गुन्ह्याचे गांभीर्य आणि येण्याचे कारण या तीन गोष्टी तोलाव्यात, असे 1978 च्या ह्रांका प्रकरणात ठरले. हे सगळे पाहिल्यावर, नियम माणसाच्या पश्चात्तापाला जागाच देत नाहीत असे कसे म्हणता येईल? जागा आहे, पण ती खरे सांगणाऱ्यालाच मिळते.

आडवळण

या धाग्यावर लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. माझ्या थोरल्या बंधूंची गोष्ट आहे.

दुकानातून वस्तू उचलल्याबद्दल त्यांना कॉलेजच्या काळात दंड झाला होता. कॅनडाचा अर्ज भरताना त्यांनी 'नाही' लिहिले. तसे त्यांना कोणी सांगितले हे आता महत्त्वाचे नाही, सही त्यांची होती. पुढे पोलिसांचा दाखला मागितला गेला, त्यात नोंद निघाली आणि खुलासा मागणारे पत्र आले. त्या पत्रात चोरीबद्दल जेमतेम एक ओळ होती, बाकी सगळा मजकूर चुकीच्या माहितीबद्दल होता. त्यांच्यावर 5 वर्षांची बंदी आली. तो गुन्हा तसा एकटा आणि जुना होता, खरे लिहिले असते तर कदाचित तो आडही आला नसता, हे आम्हाला नंतर कळले आणि तेच आजही सलते.

गोष्ट इथे संपली नाही. त्यांनी ऑस्ट्रेलियाकडे मोर्चा वळवला तेव्हा तिथल्या अर्जात आणखी एक प्रश्न होता : कोणत्याही देशाने तुम्हाला व्हिसा नाकारला आहे काय? म्हणजे एका 'नाही'मुळे दोन ठिकाणी 'होय' लिहिण्याची वेळ आली. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश इमिग्रेशनच्या कामासाठी बोटांच्या ठशांची पडताळणी आपसात करतात, त्यामुळे एका दारावर केलेली लपवाछपवी दुसऱ्या दारावर कळत नाही, या भ्रमात कोणी राहू नये.

रानवाट

आडवळण, आपल्या बंधूंबद्दल वाचून वाईट वाटले. पण माझा मुद्दा आपण अधिकच पक्का केलात. मूळ गुन्ह्याची शिक्षा एका दिवसाचा दंड आणि तो सांगण्याच्या भीतीची शिक्षा पाच वर्षे! अमेरिकेत तर खोट्या माहितीबद्दलची अपात्रता सूट मिळाली नाही तर कायमचीच असते. ही भीती माणसाच्या मनात जन्मजात नसते, तर 'कधीही' या शब्दाने ती निर्माण होते. प्रश्न 'गेल्या दहा वर्षांत' असा विचारला असता तर आपल्या बंधूंनी खोटे लिहिलेच नसते.

आणि नियम सर्वांना सारखे असतात असेही नाही. जपानचा कायदा अमली पदार्थांच्या गुन्ह्याला, शिक्षा कितीही लहान असो, प्रवेशबंदीचे कारण मानतो. 'बीटल्स'चे गायक पॉल मॅकार्टनी यांना जुन्या गांजाच्या प्रकरणावरून 1975 मध्ये जपानने प्रवेश नाकारला, 1980 मध्ये विमानतळावरच गांजासह पकडून नऊ दिवस कोठडीत ठेवले आणि परत पाठवले. तरीही 1990 मध्ये ते टोकियोत गायले. खास परवानगीची वाट तिथल्या कायद्यात आहे, पण ती वाट कोणाला सापडते? दंड भरलेल्या एखाद्या वेल्डरला की नर्सला?

तिठा

दहा वर्षांच्या मर्यादेबाबत मी आपल्याशी निम्मा सहमत आहे. हिंसा आणि लैंगिक गुन्हे वगळता दंडावर मिटलेल्या प्रकरणांना अशी मर्यादा असावी. मात्र ती मिळेपर्यंत आज अर्ज भरणाऱ्या माणसाला आपण काय सांगणार? नियम बदलावा म्हणून लढणे आणि आहे त्या नियमाखाली खरे लिहिणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

कवडसा

सर्वांचे आभार. रानवाट, कबुलीबद्दल आपण लिहिलेले थेट माझ्याबद्दल आहे, कारण त्या दिवशी मी हात उचलला नव्हता. पण आता त्या निकालावर वाद घालण्याची ही जागा नाही, म्हणून खुलाशात तो वाद आणला नाही.

काय पाठवले ते सांगतो, कोणाला उपयोग होईल. न्यायालयाच्या अभिलेख कक्षात चार वेळा गेलो. मूळ फाइल मुदत संपल्याने नष्ट झाली होती, पण नोंदवहीत एक ओळ शिल्लक होती : प्रकरणाचा क्रमांक, कलम, दंडाची रक्कम आणि 'कोर्ट उठेपर्यंत साधा कारावास'. 'कारावास' हा शब्द पाहून पोटात गोळा आला, कारण त्या दुपारच्या बसण्याला मी आजवर कारावास मानलेच नव्हते. त्या ओळीची प्रमाणित नक्कल घेतली आणि फाइल नष्ट झाल्याचा लेखी दाखलाही घेतला. दोन्हींची अधिकृत भाषांतरे केली आणि खुलासा एका पानात लिहिला. काय घडले, कोणत्या तारखेला शिक्षा झाली, दंड कधी भरला आणि त्यानंतरची बावीस वर्षे कुठे काम केले, एवढेच. 'कारावास' हा शब्द तसाच ठेवला, त्याच्यापुढे कंसात 'त्या दिवशी न्यायालयाचे कामकाज संपेपर्यंत' असे लिहिले.

काल अर्ज गेला. निर्णय आला की इथेच लिहीन, नकार आला तरीही.