परदेशी बिऱ्हाड, कोकणातलं घर: तुमचे अनुभव सांगा

माझा धाकटा भाऊ २०१९ साली शारजाला नोकरीला गेला, पुढच्या वर्षी भावजय आणि पुतण्याही. मी दापोलीच्या घरी असतो. पगाराच्या, बचतीच्या गोष्टी घरोघरी होतात; तिकडे बिऱ्हाड लावताना काय काय जुळवावं लागलं, हे कोणी बोलत नाही. ते इथं लिहा.

आमच्याकडचं आधी सांगतो. तिथल्या भारतीय शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात. पुतण्या आला तेव्हा पावसातच आला. कलमाखाली पडलेला आंबा त्यानं अजून उचललेला नाही. २०२४ला चतुर्थी ७ सप्टेंबरला, शाळा सुरू झालेली, आरती त्यानं फोनवर म्हटली आणि शेवटी विचारलं, "काका, प्रसाद कोण खाणार माझा?" २०२५ला चतुर्थी २७ ऑगस्टला आली, शाळा दोनच दिवस आधी उघडणार होती. भावानं शाळेला पत्र दिलं आणि पोराला गौरीविसर्जनापर्यंत ठेवून घेतलं. मला विचाराल तर बरोबर केलं.

मस्कत, सासर गुहागरकडे
आमच्या शाळेची सुट्टी जून-जुलैत. नेमकी १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद! मुलं समुद्राकाठच्या घरी येतात आणि सुक्या बांगड्यावर, सोड्यांवर राहतात. ताजी सुरमई त्यांना ठाऊक आहे ती मत्रहच्या बाजारातली. तिथं तिला कनअद म्हणतात, हे मला पहिल्या महिन्यात एका कोळ्यानं बोटानं दाखवून शिकवलं. त्या बाजारानंच मला तगवलं. इमारतीत ओळख नाही, नवरा रात्री आठला येणार, पण मासा निवडताना हात आपोआप कल्ले उघडून बघायचे आणि वाटायचं, हे तरी मला येतं. तिरफळं आणि कोकम सासूबाई बांधून देतात. बॅगेत कपडे कमी बसले तरी चालतात.

कुवेत, गाव राजापूर तालुक्यात
वेळेत अडीच तासांचा फरक. मी सातला घरी पोचतो तेव्हा गावी साडेनऊ, आई झोपलेली. म्हणून कामावर जायच्या आधी पहाटे साडेपाचला फोन, तिच्या आठच्या चहाला. मुलगी अर्धवट झोपेत पडद्यासमोर बसते. सहा वर्षांत हे चुकवलेलं नाही.

रत्नागिरी, दोह्याहून परत
मी दोन मुलांना घेऊन परत आले, यजमान अजून तिथेच. जाण्यापेक्षा परत येणं अवघड गेलं, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. थोरला सातवीत. आपल्या राज्यात २०२०च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, आणि त्याला बोलता येई पण जोडाक्षर वाचता येत नसे. वर्गात हसले. दोन महिने तो घरीही मराठी बोलेना. शेवटी आजोबांनी युक्ती केली: डोळ्यांना दिसत नाही म्हणून रोजचा पेपर त्याच्याकडून वाचून घ्यायचा. आधी मथळे, मग निधनवार्ता, मग सगळं. आता "क्ष" आला की तो थांबत नाही. ज्यांना कधीतरी परतायचंय त्यांनी तिथं असतानाच रोज दहा ओळी वाचून घ्या. मी ते केलं नाही, त्याचा त्रास लेकानं भोगला.

वेंगुर्ले, आजी
लिहून देणारी शेजारची मुलगी. माझो झील दुबयेक. नातू इलो तो पावसात, पडवीत बसान इचारी, "आजी, हा कधी थांबणार?" मी म्हटलंय, "बाबा, ह्यो थांबलो तर आमी खातलंव काय?" दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर भाताचो तरवो काढूक चिखलात उतरलो. जाताना पावसाचा पाणी बाटलीत भरून घेतल्यान. विमानतळावर बाटली ठेवून घेतली, तेव्हा रडलो. ह्या वर्षी मी आंबापोळी दुप्पट घातलंय. ती कोण काढून घेणा नाय.