प्लातो द बेयवरची चाळीस मिनिटं: पाय, पोट की सिरिंज?

घाटकरी (प्रश्न)

१४ जुलै २०२४, टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा पंधरावा टप्पा. प्लातो द बेयचा घाट १५.८ किमी, सरासरी चढ ७.९ टक्के. स्लोव्हेनियाचा तादेइ पोगाचार तो ४० मिनिटांच्या आत चढला आणि इटलीच्या मार्को पँटानीचा १९९८ चा विक्रम तीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला.

शर्यतीची पद्धतही बदललीय. स्काय टीमच्या दिवसांत शेवटच्या चार-पाच किलोमीटरपर्यंत सगळे आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक. आता? २०२४ च्या स्त्रादे बियांके या इटलीतल्या शर्यतीत पोगाचार ८१ किमी एकट्याने, त्याच वर्षी झुरिकच्या विश्व अजिंक्यपदात १०० किमी बाकी असताना हल्ला. असं लांबून सुटणं म्हटलं की जुन्या लोकांना २००६ च्या टूरचा मोर्झिनचा टप्पा आठवतो. अमेरिकेचा फ्लॉइड लँडिस एकटा सुटला, जिंकला, आणि टेस्टोस्टेरॉनमध्ये सापडला.

तर, (१) इतक्या लांबून हल्ला आज परवडतो कसा? (२) घाटाच्या वेळेवरून संशय घेणं कितपत बरोबर? आकडे द्या. आरती नको, शिव्याही नकोत.

चेनरिंग५४

आधी दुसरा प्रश्न. ६६ किलोचा रायडर, सायकल-बूट-हेल्मेट-बाटली मिळून ८ किलो, वेग ताशी २३.८ किमी, म्हणजे सेकंदाला ६.६ मीटर. चढाविरुद्ध साधारण ३७७ वॅट, टायरच्या घर्षणात १९, हवेत ४५, वर चेनमध्ये थोडी गळती. बेरीज ४५० च्या आसपास, म्हणजे किलोमागे ६.८ वॅट. ट्विटरवर फिरणारा आकडा असाच निघतो.

आता गंमत बघा. समोरून ताशी फक्त ३.६ किमीचा वारा असेल, ज्याने झाडाचं पानही धड हलत नाही, तर ४५ चे ६० होतात. मागून असेल तर तितकेच कमी. म्हणजे ६.८ हा आकडा ६.६ ही असू शकतो आणि ७ ही. दशांशावरून कुणाला फासावर लटकवू नका. रायडरच्या वजनाचा अंदाज दोन किलोने चुकला तरी किलोमागचा आकडा फारसा हलत नाही. खरी चूक वाऱ्यात आणि आडोशात (दुसऱ्याच्या चाकामागे राहून वारा चुकवण्यात) होते. त्या दिवशी पायथ्याला व्हिंगेगार्डचा साथीदार यॉर्गेन्सनने खेचलं, साधारण साडेदहा किमी बाकी असताना पोगाचारचा प्रतिस्पर्धी व्हिंगेगार्डने हल्ला केला, आणि पोगाचार पाचेक किमी त्याच्या चाकाला चिकटून होता. एकटा निघाला तो शेवटच्या साडेपाच किमीत. चाकामागे या वेगाला दहा-पंधरा वॅट सहज वाचतात.

सामानाचा हिशोब: पँटानीच्या काळी २३ मिमीचे टायर दगडासारखे फुगवायचे, ७-८ बार दाबाने. आता २८-३० मिमी ट्यूबलेस, ४-५ बार. घर्षणाचा गुणांक ०.००५५ वरून ०.००३५ वर आला असं धरलं तर या घाटावर दहाएक वॅट, म्हणजे जवळजवळ ५० सेकंद. एक किलो हलकी सायकल, आणखी २५-३० सेकंद. (नियमातली किमान मर्यादा २००० पासून ६.८ किलो आहे, त्यामुळे याहून फार खाली जाता येत नाही.) सव्वा मिनिट इथेच गेलं, आडोशाचं वेगळं.

उलटतपासणी

वजाबाकी छान, पण एक रक्कम विसरलात. पँटानीच्या १९९८ च्या टूरमधल्या नमुन्यांत ईपीओ (लाल रक्तपेशी वाढवणारं औषध) होतं, हे २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालात आलं. तेव्हा ईपीओ पकडणारी चाचणीच नव्हती. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५० टक्क्यांच्या वर गेलं की घरी, एवढाच १९९७ पासूनचा नियम. म्हणजे टायरने भरून काढायची आहे ती तीन मिनिटं अधिक ईपीओचा फायदा.

ग्लायकोजेन

मुद्दा मान्य. पण टायरइतकाच जेवणाचा डबाही बदललाय, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

पाच तासांचा टप्पा, सरासरी २४० वॅट: ४३२० किलोज्यूल काम. शरीराची कार्यक्षमता २३-२४ टक्के, त्यामुळे जवळपास तितक्याच किलोकॅलरी जळतात. स्नायू आणि यकृतातला साठा साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे २००० किलोकॅलरी. आधी तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं खायची पद्धत होती: पाच तासांत १२०० किलोकॅलरी. आता १२० ग्रॅम: पाच तासांत २४००. चरबी जळते, पण जोरात पेडल मारताना ती पुरी पडत नाही. पूर्वी ८० किमी आधी सुटणारा शेवटच्या घाटावर रिकामा व्हायचा, म्हणून सगळे थांबायचे. ही १२०० किलोकॅलरीची फट बुजली आणि थांबायचं कारणच गेलं.

६० वर का अडलं होतं? आतड्यातली ग्लुकोजची वाट तासाला साधारण तेवढ्यालाच तुंबते. फ्रुक्टोजची वाट वेगळी. दोन्ही १ ला ०.८ या प्रमाणात दिले की १२० पर्यंत जातं. पोटाला मात्र सवय लावावी लागते: ६० पासून दर आठवड्याला दहा-दहा ग्रॅम वाढवत. घाई केली की मुरडा, ढेकर, आणि झुडूप शोधत पळणं.

शिवाय २०१८ पासून ग्रँड टूरमध्ये (तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतींत) टीम नऊऐवजी आठ जणांची झाली. लांबून हल्ला केला की समोरच्याचे मदतनीस लवकर संपतात, आणि मागे उरलेले चार नेते एकमेकांकडे बघत बसतात.

रेटिक

हे सगळं खरं असू शकतं आणि तरी कुणी रक्ताशी खेळत असू शकतो. वेळेकडे नको, रक्ताकडे बघा.

२००८ पासूनच्या जैविक पासपोर्टात (खेळाडूच्या रक्ताच्या सततच्या नोंदींत) एक सोपं सूत्र आहे: हीमोग्लोबिन (ग्रॅम प्रति लिटर) उणे ६० गुणिले रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) टक्केवारीचं वर्गमूळ. १५० आणि १ टक्का: ९०. बाहेरून रक्त चढवलं की हीमोग्लोबिन वाढतं, आणि हाडांतली मज्जा नव्या पेशी बनवणं कमी करते. १६५ आणि ०.३६ टक्के: १२९. खेळाडूची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी होते.

पळवाट पाण्याची. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वाढला की हीमोग्लोबिन पातळ दिसतं. म्हणून व्यायामानंतर दोन तास थांबायचं, दहा मिनिटं बसवायचं, मगच रक्त घ्यायचं, आणि १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त सलाइनवर बंदी. पण रेटिक्युलोसाइटची टक्केवारी पाण्याने बदलत नाही, तिथे चोर अडकतो. दुसरी खूण: तीन आठवड्यांच्या शर्यतीत प्लाझ्मा वाढून हीमोग्लोबिन खाली यायला हवं. तिसऱ्या आठवड्यात ते जागचं हलत नसेल तर प्रश्न विचारा.

मर्यादाही सांगतो. ईपीओचा छोटा डोस शिरेतून घेतला तर काही तासांतच पुसला जातो. आणि २०१९ मध्ये एर्फुर्टच्या डॉक्टरकडे रक्त काढून घेणारे ऑस्ट्रियाचे सायकलपटू डेनिफ्ल आणि प्राइडलर सापडले ते पोलिसांमुळे. ‘पॉझिटिव्ह आला नाही’ एवढं म्हणून कुणी स्वच्छ ठरत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचं प्रकरणही इथलंच. एकदा मोजून हुंगला की एकूण हीमोग्लोबिन मोजता येतं, तेवढं वैध. रोज हुंगला तर शरीराला उंचीवर असल्याचा भास होतो. यूसीआयने (सायकलिंगच्या जागतिक संघटनेने) १० फेब्रुवारी २०२५ पासून हे वारंवार हुंगणं बंद केलं. मोजणी फक्त वैद्यकीय केंद्रात, आणि दुसऱ्यांदा करायची तर दोन आठवड्यांनी.

घाटकरी

रेटिक, तिसऱ्या आठवड्याचा मुद्दा नवा होता, आभार. उलटतपासणींचा हिशोब उघडाच राहिला, तो तसाच राहू दे. ग्लायकोजेन, ते १ ला ०.८ घरी जमतं का? जेलचे भाव बघवत नाहीत.

ग्लायकोजेन

जमतं. साखर म्हणजेच अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. १०६ ग्रॅम साखर, १४ ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (पोटात ग्लुकोजच होणारी पावडर), दीड ग्रॅम मीठ, ७५० मिलीच्या बाटलीत. हे सरबत नाही, पाकाचा धाकटा भाऊ आहे, त्यामुळे दुसऱ्या बाटलीत साधं पाणी हवंच. साखर कोमट पाण्यात आधी विरघळवा. आणि घरी आल्या आल्या झाकणाची नळी काढून धुवा, नाहीतर दोन दिवसांत आत बुरशी धरते आणि पोट बिघडलं की दोष १२० ग्रॅमला जातो.