‘ग्रीफ’ला मराठीत ‘शोक’ म्हणावे का?

मूळ मत (दर्यापूर तालुका)
घरचे माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांनी कसे सावरावे, या विषयावरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचे मी गावच्या वाचनालयासाठी मराठी करते आहे. तिच्यात पानोपानी ‘ग्रीफ’ येतो आणि त्याला ‘शोक’ हा रूढ प्रतिशब्द मला पटत नाही. ‘ग्रीफ’चे मूळ लॅटिन ‘ग्राव्हिस’, म्हणजे जड. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे तो तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. ‘ग्रॅव्हिटी’ त्याच कुळातला, आणि जड या अर्थाचा आपला ‘गुरु’ही त्याचा दूरचा नातलग. ‘शोक’ मात्र ‘शुच्’ धातूचा, म्हणजे जळण्याचा. शेजारच्या काकू नवऱ्याच्या तेरवीनंतर पहिल्यांदा कापूस वेचायला आल्या, संध्याकाळी गाठोडे डोक्यावर चढवून द्यायला मी हात लावला, तेव्हा त्या म्हणाल्या, “हे तं उतरते वं बाई, थे नाई उतरत.” म्हणून मी ‘दुःखभार’ लिहावे म्हणते.

प्रतिसाद (यवतमाळ जिल्हा, निवृत्त शिक्षक)
ताई, व्युत्पत्ती बरोबर आहे, पण तिच्यावरून आजचा अर्थ ठरत नाही. ‘शुची’ही ‘शुच्’चाच, तरी ‘शुचिर्भूत’ म्हणताना कोणाला आग आठवत नाही. ‘ग्रीफ’चाही जुना अर्थ जाच, हालअपेष्टा असा होता आणि ‘ग्रीव्हन्स’मध्ये, म्हणजे गाऱ्हाण्यात, तो अजून टिकून आहे, मुळाशीच जायचे तर तुम्ही ‘जाच’ लिहाल का? ‘शोक’ सर्वांना कळतो.

मूळ लेखिका
‘ग्रीव्हन्स’चा मुद्दा मला मान्य आहे, सर. पण ‘शोकाकुल’ तेरवीच्या पत्रिकेवर छापतात; “मला शोक झाला” असे आमच्याकडे कोणी बोलत नाही. चारचौघांत पाळायच्या दुखवट्याला इंग्रजीत ‘मोर्निंग’ हा वेगळा शब्द आहे, आणि ही पुस्तिका पाहुणे परत गेल्यानंतरच्या महिन्यांविषयी बोलते.

प्रतिसाद (वर्धा जिल्हा)
आमच्याकडे “जीव जळते” हेही रोज ऐकू येते, तेव्हा आगीला परके ठरवू नये. साधे ‘दुःख’ पुरेसे आहे.

प्रतिसाद (यवतमाळ जिल्हा)
‘दुःख’ फार पसरट होते. पीक बुडाले तरी दुःखच. दुखवट्याचा फरक मात्र मी मानतो. तरीही ‘दुःखभार’ काकूंच्या तोंडचा नाही, तोही पत्रिकेवरचाच वाटतो. ‘शोक’ नकोच असेल, तर सरळ ‘ओझे’ लिहा आणि पहिल्या पानावर ते कशाचे, हे एकदा सांगा.